हजार टनांचा दगड हलवताना

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकीय खेळात लघुग्रह पकडणे फारसे अवघड नाही. पकडलेला लघुग्रह हव्या त्या जागी नेणे अवघड आहे, आणि खेळाडूचा कस तिथे लागतो. चाळीस-पन्नास टनांचे यान हजार टनांच्या खडकाला चिकटते, इंजिन पेटते, टाक्यांमधले इंधन उतरू लागते आणि वेगाचा आकडा मात्र ढिम्म हलत नाही. वीस सेकंद उलटतात तेव्हा कुठे सेकंदाला जेमतेम एक मीटरचा फरक पडलेला दिसतो. काहीतरी बिघडले असे समजून अनेक नवखे खेळाडू इथेच इंजिन बंद करतात. बिघडलेले काही नसते. अंतराळात वजन जाणवत नसले तरी वस्तुमान जागच्या जागी असते, हे शाळेत पाठ केलेले वाक्य त्यांना पहिल्यांदाच हाताला लागलेले असते.

छोट्या यानांनी प्रचंड वस्तू कशा हलवायच्या, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. त्यासाठी निवडलेला खेळ करमणुकीचा असला तरी त्यातले गणित गमतीचे नाही. न्यूटनचे नियम, रॉकेटचे समीकरण आणि कक्षांची भूमिती त्यात खरी आहे. आणि या सगळ्यातून एक गोष्ट फार ठळकपणे समोर येते: लघुग्रह हलवताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा हाताशी किती वेळ आहे याला जास्त किंमत असते. हे सूत्रात वाचून पटते; खेळात ते सोसावे लागते, म्हणून अंगी मुरते.

या खेळाचा जन्म मेक्सिको सिटीतला. जाहिरात आणि विपणनाची कामे करणाऱ्या ‘स्क्वाड’ नावाच्या कंपनीत फेलिपे फालांगे हा तरुण प्रोग्रॅमर नोकरीला होता. त्याला खेळ बनवायचा होता आणि त्यासाठी तो नोकरी सोडायला निघाला होता. मालकांनी त्याला थांबवले आणि खेळ कंपनीतच करायला सांगितला. जून २०११मध्ये पहिली आवृत्ती लोकांसाठी खुली झाली, एप्रिल २०१५मध्ये पूर्ण खेळ आला. केर्बिन नावाच्या ग्रहावर राहणारे बुटके हिरवे कर्बल आणि त्यांचा अंतराळ कार्यक्रम, एवढेच कथानक. केर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच. या आखूड मापामुळे कक्षेत जायला सेकंदाला साधारण २.३ किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीभोवती त्यासाठी ७.८ किलोमीटर लागतो. नियम तेच ठेवून आकडे लहान करण्याचा हा निर्णय फार शहाणपणाचा होता. खऱ्या मापाचे जग असते तर बहुतेक खेळाडू पहिल्या आठवड्यातच कंटाळून गेले असते.

खेळाच्या ‘सँडबॉक्स’ प्रकारात पैशांची चणचण नसते, कुणी कामगिरी नेमून देत नाही, सगळे सुटे भाग पहिल्या दिवसापासून हाती असतात. काय करायचे ते खेळाडूने ठरवायचे. चंद्रावर उतरून झाले, शेजारच्या ग्रहांना फेऱ्या मारून झाल्या, की नवे काहीतरी हवे असते. ते १ एप्रिल २०१४ रोजी आले. ०.२३.५ या आवृत्तीसोबत ‘ॲस्टरॉइड रिडायरेक्ट मिशन’ नावाचा विस्तार खुला झाला आणि केर्बिनच्या आकाशात लघुग्रह दिसू लागले. हे नाव खेळाच्या निर्मात्यांनी मनाने ठेवलेले नव्हते. ते नासाच्या एका खऱ्या योजनेचे नाव होते आणि हा विस्तार नासाच्या सहकार्यानेच तयार झाला होता.

ती योजना समजून घेतली तर खेळातल्या दगडाकडे बघण्याची नजर बदलते. कॅलिफोर्नियातल्या केक इन्स्टिट्यूट फॉर स्पेस स्टडीजने एप्रिल २०१२मध्ये एक व्यवहार्यता अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे सात मीटर व्यासाचा, ५०० टनांचा एक लघुग्रह मोठ्या पिशवीत गुंडाळायचा आणि चंद्राभोवतीच्या कक्षेत आणून ठेवायचा, अशी कल्पना होती. त्यासाठी पृथ्वीवरून निघणारे यान होते फक्त १८ टनांचे. म्हणजे जेवढे वस्तुमान वर पाठवायचे त्याच्या जवळजवळ २८ पट वस्तुमान परत आणायचे. हे शक्य होणार होते ४० किलोवॉटच्या सौर-विद्युत इंजिनांमुळे. झेनॉन वायूचे आयन प्रचंड वेगाने मागे फेकणारी ही इंजिने इंधन अतिशय काटकसरीने वापरतात, पण त्यांचा रेटा अगदी नाममात्र असतो. त्यामुळे सबंध मोहिमेला सहा ते दहा वर्षे लागतील असा अंदाज होता.

नासाने २०१३मध्ये ही कल्पना स्वीकारली. २०१५मध्ये बेत थोडा बदलला: अख्खा लघुग्रह आणण्याऐवजी एखाद्या मोठ्या लघुग्रहावरून चारेक मीटरचा धोंडा उचलून आणायचा असे ठरले. २०१७मध्ये अमेरिकी सरकारने या योजनेचा निधी थांबवला आणि ती गुंडाळली गेली. तिच्यासाठी विकसित होत असलेले विद्युत-प्रणोदनाचे तंत्र चंद्राभोवतीच्या ‘गेटवे’ स्थानकाच्या आराखड्यात गेले. खेळातली मोहीम मात्र तशीच राहिली. नासाने न आणलेले लघुग्रह जगभरच्या हजारो खेळाडूंनी आपापल्या संगणकावर आणले, आणि मूळ अभ्यासातल्या अभियंत्यांना ज्या अडचणी कागदावर सोडवाव्या लागल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच अडचणी खेळाडूंना पडद्यावर भेटल्या.

मोहिमेची सुरुवात ‘ट्रॅकिंग स्टेशन’मध्ये होते. तिथल्या नकाशावर अधूनमधून एखादी अज्ञात वस्तू उगवते. तिच्यावर नजर ठेवायची की नाही हे खेळाडूने ठरवायचे. नजर ठेवली नाही तर काही दिवसांनी ती यादीतून नाहीशी होते. वस्तूचा वर्ग इंग्रजी अक्षरांनी दाखवलेला असतो. ‘ए’ वर्गातले दगड मोजक्या टनांचे, ‘सी’ वर्गातले मध्यम, आणि ‘ई’ वर्गातले हजार टनांच्या पुढे जाणारे. २०२०मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या सहकार्याने आलेल्या विस्तारात धूमकेतूही आले आणि वर्गांची यादी आणखी लांबली. बटाट्यासारख्या ओबडधोबड आकारामुळे इंग्रजी बोलणारे खेळाडू या लघुग्रहांना लाडाने ‘पोटॅटोरॉइड’ म्हणतात.

पकडण्यासाठी एक खास सुटा भाग आहे, ज्याला सगळे ‘क्लॉ’ म्हणजे पंजा म्हणून ओळखतात. ही पकड जवळून पाहण्यासारखी आहे. यान लघुग्रहाजवळ पोहोचले की आधी दोघांचा सापेक्ष वेग शून्यावर आणायचा. मग पंजा उघडायचा. बंद पंजा नुसताच धडकतो, आणि घाईत तो उघडायला विसरणे ही नेहमीची गोष्ट. आता सेकंदाला एखादा मीटर इतक्याच वेगाने पुढे सरकायचे. दगड पडदा व्यापत जातो, त्याच्यावरचे खाचखळगे दिसू लागतात, सावलीचा भाग काळाकुट्ट होतो आणि अंतर किती उरले ते डोळ्यांना कळेनासे होते. भरवसा फक्त आकड्यांवर ठेवायचा. स्पर्श होतो, पंजा मिटतो आणि त्याच क्षणी खेळाच्या हिशोबात यान आणि लघुग्रह मिळून एकच वाहन होते. माहितीच्या चौकटीतले एकूण वस्तुमान ४५ टनांवरून एकदम हजाराच्या पलीकडे जाते. आतापर्यंत चपळ वाटणारे यान बोटभर वळायलाही मिनिटे घेऊ लागते, कारण त्याला वळवणारी आतली फिरती चाके आता सगळ्या खडकाला वळवत असतात.

यापुढचे पाऊल बहुतेकांना आधी सुचत नाही. पंजाने दगड कुठेतरी कडेला धरलेला असतो. इंजिनाचा रेटा दगडाच्या वस्तुमानकेंद्रातून गेला नाही तर सगळी जोडगोळी पुढे जाण्याऐवजी गरगर फिरू लागते. हजार टनांचा दगड एकदा फिरू लागला की त्याला थांबवताना निम्मे इंधन संपते. म्हणून पंजाची बिजागरी मोकळी सोडण्याची सोय आहे. ती मोकळी करायची, वस्तुमानकेंद्राला लक्ष्य म्हणून निवडायचे, यानाचे नाक हळूहळू त्या दिशेला आणायचे आणि मग बिजागरी पुन्हा घट्ट करायची. इंजिन अगदी दहा टक्क्यांवर पेटवून बघायचे. नाक सरकते आहे असे दिसले की बंद, पुन्हा जुळवाजुळव, पुन्हा प्रयत्न. खेळात या कामाला कुणी गुण देत नाही, पण चांगला खेळाडू आणि उतावळा खेळाडू यांच्यातला फरक इथेच दिसतो.

भरतीच्या वेळी धक्क्याशी तरंगणारी मालाने लादलेली होडी एकटा माणूसही पाय रोवून, सावकाश रेटत हलवू शकतो; धावत येऊन धक्का दिला तर खांदा दुखावतो आणि होडी तिथेच राहते. आणि एकदा ती सरकू लागली की तोच माणूस तिला मध्येच थांबवू शकत नाही. लघुग्रह ओढताना नेमके हेच घडते, फक्त तिथे पाण्याचा विरोधही नसतो. दिलेला प्रत्येक रेटा साठून राहतो आणि थांबवण्यासाठी तितकाच रेटा उलट दिशेने परत द्यावा लागतो.

इंजिन कोणते निवडायचे या प्रश्नावर खेळाडूंमध्ये न संपणारे वाद चालतात, आणि त्यात खरोखर वाद घालण्यासारखे काही आहे. समजा, दगड १,००० टनांचा आहे, इंधन सोडून यानाचे वस्तुमान ५० टन आहे आणि वेगात सेकंदाला १०० मीटरचा बदल हवा आहे. खेळातले ‘नर्व’ हे अणुइंजिन वापरले तर साधारण साडेतेरा टन इंधन पुरते. ‘ऱ्हायनो’ हे अवाढव्य रासायनिक इंजिन वापरले तर त्याच कामाला सुमारे ३२ टन लागते. इंधनाच्या हिशोबात अणुइंजिन सहज जिंकते. पण त्याचा रेटा ६० किलोन्यूटन आणि ऱ्हायनोचा २,०००. त्यामुळे एकटे नर्व जवळजवळ अर्धा तास जळत राहते आणि ऱ्हायनो एका मिनिटाच्या आत मोकळे होते.

अर्धा तास लागला तर बिघडले कुठे, असे वाटेल. बिघडते ते ग्रहाजवळ. बाहेरून येणारा लघुग्रह केर्बिनच्या कक्षेत अडकवायचा असेल तर त्याचा वेग ग्रहाच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी कमी करणे सर्वांत फायद्याचे असते. तिथे तो सर्वांत वेगात असतो, आणि वेगात असलेल्या वस्तूवर लावलेला तोच रेटा तिची जास्त ऊर्जा कमी करतो. हर्मन ओबर्थ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम खऱ्या मोहिमांमध्येही वापरतात. पण तो बिंदू काही मिनिटांत निघून जातो. अर्धा तास जळणारे इंजिन त्या बिंदूच्या बरेच आधी सुरू करावे लागते आणि बरेच नंतरपर्यंत चालू ठेवावे लागते, म्हणजे निम्मा रेटा चुकीच्या जागी खर्च होतो. मग कुणी चार नर्व एकत्र बांधतो, कुणी ऱ्हायनो आणि मोठ्या टाक्या घेऊन जातो. तिसरा पर्याय सर्वांत सुंदर आहे: केर्बिनचा चंद्र ‘मून’ याच्या अगदी जवळून दगड नेऊन त्याच्या गुरुत्वाकर्षणाकडून थोडे ब्रेक लावून घ्यायचे. केक इन्स्टिट्यूटच्या अभ्यासातही लघुग्रह आपल्या चंद्राजवळून नेऊन त्याचा वेग उतरवण्याचा मार्ग आखलेला होता. जगाची मापे वेगळी, युक्ती तीच.

काही धाडसी खेळाडू केर्बिनच्या वातावरणाचाही उपयोग करतात. लघुग्रह उष्णतेला दाद देत नाही, म्हणून तो पुढे धरायचा, यान त्याच्या आडोशाला ठेवायचे आणि वातावरणाच्या वरच्या थरातून घासत जायचे. इंधनाचा थेंबही न जाळता वेग उतरतो. खेळात हे जमते. पृथ्वीवर हे करायला कुणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी फुटलेला अशनी जेमतेम २० मीटरचा होता. तो हवेतच फुटला, तरी धक्क्याच्या लाटेने शहरभर खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. तो सूर्याच्या दिशेने आला होता, त्यामुळे कुठल्याही दुर्बिणीला आधी दिसलाच नव्हता.

दिसणे हीच या विषयाची अर्धी बाजू आहे. खेळातला ढोबळ हिशोब पाहावा. केर्बिनचा दिवस सहा तासांचा. असे ४६ दिवस म्हणजे जवळपास दहा लाख सेकंद. टक्कर व्हायला एवढा अवधी असताना लघुग्रहाचा वेग सेकंदाला फक्त एक मीटरने बदलला, तरी तो सुमारे हजार किलोमीटर बाजूला सरकतो. केर्बिनची त्रिज्या आहे ६०० किलोमीटर, टक्कर टळली. तोच लघुग्रह शेवटच्या तासाभरात लक्षात आला तर वेगात शेकडो मीटरचा बदल हवा आणि तेवढे इंधन सहसा यानात उरलेले नसते. पृथ्वीचे आकडे आणखी बोलके आहेत. दहा वर्षे आधी लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला एका सेंटिमीटरचा बदल केला, तर नुसत्या गुणाकारानेही तो तीन हजार किलोमीटरहून जास्त सरकतो. बदल त्याच्या प्रवासाच्याच दिशेने केला असेल, तर सूर्याभोवतीच्या फेरीचा काळ बदलल्यामुळे हे अंतर जवळजवळ तिप्पट होते, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येहून जास्त.

माणसाने हे एकदा करून पाहिले आहे. नासाचे ‘डार्ट’ यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. यान सुमारे ५८० किलोचे, वेग सेकंदाला सहा किलोमीटरहून थोडा जास्त. समोर दीडशे मीटर व्यासाचा, अंदाजे ४३ लाख टनांचा खडक, जो डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी पूर्ण करत होता. फेरीच्या वेळेत ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची असे आधी ठरलेले होते. प्रत्यक्षात वेळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. वेगातला बदल मात्र सेकंदाला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. मुंगीसुद्धा यापेक्षा जोरात चालते. आणि यातला मोठा वाटा यानाच्या धडकेचा नव्हता. धडकेने लाखो किलो धूळ आणि दगडगोटे मागच्या बाजूला उधळले गेले आणि त्या उधळणीच्या प्रतिक्रियेने लघुग्रहाला नुसत्या धडकेच्या साडेतीन पटींहून जास्त रेटा मिळाला. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘हेरा’ यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच जागेकडे निघाले आहे. डायमॉर्फोसचे नेमके वस्तुमान आणि धडकेची खूण जवळून मोजणे हे त्याचे काम.

खेळ इथे कमी पडतो आणि ते स्पष्ट सांगायला हवे. कर्बलमधला लघुग्रह म्हणजे एकसंध, न फुटणारा खडक. त्यावर यान आदळले तर यानाचे तुकडे होतात, पण खड्डा पडत नाही, धूळ उडत नाही आणि त्या धुळीचा रेटाही मिळत नाही. त्यामुळे डार्टची खरी गंमत या खेळात अनुभवता येत नाही. खऱ्या लघुग्रहांपैकी अनेक एकसंध नसतातच. बेन्नू या लघुग्रहाला २० ऑक्टोबर २०२० रोजी ‘ओसायरिस-रेक्स’ यानाचा हात लागला तेव्हा पृष्ठभागाने त्याला जवळजवळ विरोधच केला नाही. हात सुमारे अर्धा मीटर आत गेला आणि इंजिने पेटवून यान मागे फिरले नसते तर आणखी रुतत गेले असते. अशा सैल ढिगाऱ्यात पंजा कुठे रोवायचा? त्याआधी १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ६७पी या धूमकेतूवर उतरलेल्या ‘फिली’चे भाले सुटलेच नाहीत आणि ते उसळ्या मारत ठरलेल्या जागेपासून दूर जाऊन पडले. ‘चिकटले’ हा खेळातला एका क्षणाचा प्रसंग खऱ्या अंतराळात सबंध मोहिमेचा सर्वांत धोक्याचा भाग असतो.

फिरण्याचीही तीच कथा. खरे लघुग्रह स्वतःभोवती फिरत असतात, काही तर वेड्यावाकड्या गिरक्या घेत. फिरणाऱ्या खडकाला धरून रेटायचे तर आधी त्याची गिरकी थांबवावी लागेल. खेळात वेळ भराभर पुढे नेण्याचे बटण दाबले की सगळे फिरणे आपोआप थांबते आणि बहुतेक खेळाडू याच सवलतीवर निभावून नेतात. पुढील प्रकरणांतही ती वापरलेली आहे, पण जिथे वापरली तिथे तसे सांगितले आहे.

आणखी एक उणीव महत्त्वाची. या खेळात यानावर एका वेळी एकाच मोठ्या गोलाचे गुरुत्वाकर्षण चालते आणि लघुग्रहांना स्वतःचे गुरुत्वाकर्षण नसते. त्यामुळे लघुग्रह हलवण्याची सर्वांत नाजूक कल्पना इथे करूनच पाहता येत नाही. नासाचे अंतराळवीर एडवर्ड लू आणि स्टॅनली लव्ह यांनी २००५मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ती मांडली. यानाने लघुग्रहाला हातही लावायचा नाही. त्याच्या शेजारी तरंगत राहायचे, इंजिनांचे झोत बाजूला वळवून ठेवायचे म्हणजे ते खडकावर आदळणार नाहीत, आणि दोघांमधल्या गुरुत्वाकर्षणालाच दोरी म्हणून वापरायचे. वीस वर्षे आधी धोका कळला तर वीस टनांचे यान दोनशे मीटरच्या लघुग्रहाला एका वर्षात पुरेसे सरकवू शकेल, असा त्यांचा हिशोब होता. खडक कठीण आहे की भुसभुशीत, फिरतो आहे की स्थिर, याने काही फरक पडत नाही. पंजा रोवण्याच्या सगळ्या अडचणी टाळणारी ही वाट आहे आणि तिची किंमत पुन्हा वेळातच मोजावी लागते.

इतर खेळांचा उल्लेख थोडक्यात पुरे. ‘स्पेस इंजिनिअर्स’ या चेक कंपनीच्या लोकप्रिय खेळात लघुग्रह खणता येतात, पोखरता येतात, त्यांच्या पोटात तळ उभारता येतो. पण ते जागेवर खिळलेले असतात, कितीही मोठे यान आणून आदळले तरी हलत नाहीत. बांधकामाच्या हौसेला तो खेळ उत्तम. दगड हलवण्याचा हा विषय मात्र तिथे सुरूच होत नाही.

कर्बलमध्ये एप्रिल २०१५च्या पूर्ण आवृत्तीपासून लघुग्रह खणून त्याचे इंधन करता येऊ लागले आणि खेळाचे रूपच बदलले. पंजासोबत ड्रिल आणि शुद्धीकरणाचे यंत्र नेले की ज्या दगडाला ओढायचे तोच ओढणावळ भरतो. खणत जावे तसतसे त्याचे वस्तुमान घटते, त्यामुळे पुढचा प्रवास हलका होत जातो. काही खेळाडू ‘ई’ वर्गाचा दगड केर्बिनभोवती आणून त्याच्या अंगाखांद्यावर स्थानक उभारतात आणि दूरच्या ग्रहांकडे जाणारी याने तिथे इंधन भरून घेतात. लघुग्रहांच्या साधनसंपत्तीवर माणूस अंतराळात पसरेल, हे स्वप्न कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिले होते. खेळात ते एका सुट्टीच्या दिवशी पुरे होते. तरी त्यातला प्रत्येक टन कुठून आला आणि कुठे गेला याचा हिशोब खेळाडूलाच ठेवावा लागतो, आणि म्हणूनच ते स्वप्न केवळ शोभेचे राहत नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत एका हौशी निरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते, आणि शास्त्रज्ञ अणुस्फोटाच्या मदतीने त्याची वाट बदलतात. कथेचा रोख अंधश्रद्धेवर आहे, पण तिच्यातला उपाय नीट पाहिला तर तो वाट वळवण्याचा आहे, तुकडे उडवण्याचा नाही. १९९८च्या ‘आर्मागेडन’ या हॉलिवूड चित्रपटात लघुग्रहाला भोक पाडून तो अणुबॉम्बने दुभंगला जातो, तोही शेवटच्या घटकेला. नारळीकरांनी धरलेली दिशा विज्ञानाला जास्त धरून आहे. ती कथा लहानपणी वाचलेल्या वाचकाने या खेळात पहिला दगड हलवला, तर ‘वाट वळवणे’ म्हणजे किती इंधन, किती मिनिटे आणि किती धीर, हे त्याला आकड्यांत कळेल.

या आकड्यांशी ओळख असण्याची गरज वाढत जाणार आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस चिलीतल्या एका दुर्बिणीला २०२४ वायआर४ हा सुमारे साठ मीटरचा लघुग्रह दिसला. पुढच्या काही आठवड्यांत २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत तीन टक्क्यांच्या वर गेली, आणि नवी निरीक्षणे आल्यावर भराभर खाली येऊन जवळजवळ शून्य झाली. वर्तमानपत्रांतून त्या दिवसांत घबराटही दिसली आणि थट्टाही. शक्यता आधी वाढून मग का कोसळते, हे समजावून सांगणारे लेखन मात्र थोडे होते. कक्षेचा अंदाज सुरुवातीला रुंद पट्ट्यासारखा असतो. निरीक्षणांगणिक पट्टा अरुंद होत जातो, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर तिचा वाटा वाढत जातो. पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली की तो एकदम संपतो. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे आपल्या दूरचित्रवाणी उपग्रहांच्याही आतून. तो आदळणार नाही हे निश्चित झाले आहे. तरी त्या आठवड्यात अफवांना ऊत येईल, आणि तेव्हा घरातल्या ज्या मुलाने चार दगड खेळात हलवले आहेत ते मूल मोठ्यांना समजावून सांगू शकेल.

हे लेखन वाचण्यासाठी खेळ आधी येत असण्याची अट नाही. बेरीज-गुणाकाराच्या पुढचे गणित जिथे लागले तिथे ते पायरीपायरीने सोडवून दाखवले आहे, आणि खेळाडूंच्या तोंडी रुळलेले ‘डेल्टा-व्ही’ (वेगातला बदल), ‘बर्न’ (इंजिन पेटवणे), ‘नोड’ (बर्नसाठी कक्षेवर आखलेला बिंदू) हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण खेळताना पडद्यावर तेच दिसतात. पहिल्याच प्रकरणात ‘ई’ वर्गाच्या मागे लागू नये. ‘ए’ वर्गाचा, यानापेक्षा हलका दगड निवडावा, त्याला त्याच्या कक्षेतून थोडे वर न्यावे आणि परत खाली आणावे. प्रत्येक बर्नच्या आधी आणि नंतर एकूण वस्तुमान, इंधन आणि वेग असे तीन आकडे वहीत उतरवून ठेवावेत. दुसऱ्या प्रकरणातले हिशोब त्याच वहीतून पुढे सुरू होतात.